दगडावरचा देवीदास

शेषराव रागीट आहे हे अख्ख्या राजापेठेला माहीत होतं. दुधात पाणी जास्त झालं की गवळ्यावर, सायकल पंक्चर झाली की रस्त्यावर, आणि काहीच नाही सापडलं तर मैनाबाईवर, म्हणजे स्वतःच्या बायकोवर, त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू. पण त्या मंगळवारी तो ओरडलाच नाही. वाहेदच्या सायकल दुकानात लाकडी पेटीवर बसून त्यानं मंडळाचं पत्रक दोनदा वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं. मग बोलला तो इतका हळू, की वाहेदनं हातातला पाना खाली ठेवला.

"पाह्य, यायनं माह्या मोतीरामले पुसून टाकलं."

वाहेदला काय समजणार? तो काही पलटणीतला नव्हता. त्याला एवढंच ठाऊक, की अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतले पलटणीतून घरी आलेले लोक एक मंडळ चालवतात आणि वर्षातून दोनदा एक पत्रक काढतात. पत्रकात कोण वारला, कोणाच्या पोरीचं जमलं, कोणाचा पोरगा भरती झाला असल्या बातम्या, आणि मागच्या पानावर ब्रह्मदेशातल्या लढाईच्या आठवणी. ते पत्रक हातात पडलं की शेषराव त्याच्या दुकानात येऊन मोठ्यानं वाचणार आणि सगळ्या जुन्या साहेबांना शिव्या घालणार, हा नेम होता. त्रेसष्ट सालच्या या पत्रकात मात्र एक मोठी बातमी होती. चीनच्या लढाईपासून लोकांना फौजेची एकदम आठवण झाली होती, तेव्हा मंडळानं ठरवलं की ब्रह्मदेशात कामी आलेल्या आपल्या दोन जिल्ह्यांच्या अकरा जवानांची नावं दगडावर कोरायची आणि तो दगड अमरावतीत उभा करायचा. डिसेंबरात पलटणीचे कर्नल साहेब येणार होते. अकरा नावं पत्रकात छापली होती. सातवं नाव होतं शिपाई देवीदास किसन, नांदगाव खंडेश्वर.

आता हा देवीदास किसन त्या वेळी नांदगावात आपल्या वावरात कपाशीला पाणी देत होता. चांगला धडधाकट, दोन पोरींचा बाप. मेला होता तो त्याचा धाकटा भाऊ, मोतीराम.

हे असं कसं झालं, ते शेषराव गेली सतरा वर्षं लोकांना सांगत आला होता. बेचाळीस साली अकोल्याला भरती निघाली. शेषराव एकोणीस वर्षांचा, मोतीराम सोळाचा, दोघं एकाच गावचे, एकाच शाळेत शिकलेले. मोतीरामला पलटणीचं वेडच लागलं होतं. वय बसत नव्हतं, तर या पठ्ठ्यानं आपल्या मनानं मोठ्या भावाचा शाळेचा दाखला पेटीतून काढला आणि देवीदास म्हणून भरती झाला. मिशी फुटलेली नाही आणि वय वीस. त्या काळात असं पुष्कळांनी केलं होतं. अर्ध्या पलटणीचं वय खोटं होतं, आणि भरती करणाऱ्या हवालदाराला माणसं पाहिजे होती, म्हणून तो छाती मोजायचा, तोंड पाहायचाच नाही.

पलटणीत मोतीरामला सगळे देवीदास म्हणायचे. एकटा शेषराव त्याला खंदकात, दोघंच असले म्हणजे, मोत्या म्हणायचा. चव्वेचाळीस साली ब्रह्मदेशात एका टेकडीवर मोत्याच्या पोटात तोफेचा तुकडा शिरला. दुपार होती. शेषराव शेजारीच होता. मोत्या पाणी मागत होता आणि पोटात लागलेल्याला पाणी द्यायचं नाही असा हुकूम होता, म्हणून शेषरावनं दिलं नाही. संध्याकाळी कारकुनानं विचारलं कोण गेला, आणि शेषरावनं सांगितलं, देवीदास.

मंडळाची एक रीत होती. सालाबादच्या मेळाव्यात जुन्या कंपनीची हजेरी घ्यायची, मेलेल्यांसकट. मेलेल्याचं नाव पुकारलं की रांगेत त्याच्या शेजारी जो उभा राहत असे त्यानं 'हाजर' म्हणायचं. शेषराव दर वर्षी देवीदासच्या नावाला हाजर म्हणत आला होता. म्हणताना त्याला ते खुपायचं, पण ते एका दिवसाचं, तोंडातलं. बोललं आणि हवेत गेलं. दगडाचं तसं नव्हतं. दगड राहणार, आणि सोळाव्या वर्षी घरातून पळालेलं, अठराव्या वर्षी मेलेलं ते पोरगं जगात कुठेच उरणार नव्हतं. शाळेत त्याचं नाव चौथीनंतर नव्हतं, पलटणीत तर नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्याबरोबर शेषराव सुभेदार नत्थुजींच्या घरी जाऊन थडकला. तो एका सरकारी कचेरीत शिपाई होता, अंगावर तोच खाकी गणवेश. सुभेदार म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. साठी उलटलेली, पण घरातसुद्धा कोट घालून बसायचे आणि प्रत्येक कागदाच्या तीन प्रती करायचे. माणूस वाईट नव्हता, हे कबूल करायला पाहिजे. मंडळातल्या कोणाचं मयत झालं की सगळ्यांआधी पोचणारे ते. पण कागदापुढे त्यांना माणूस दिसत नसे. शेषरावनं जय भीम घातला न घातला आणि तोफ डागली. मोतीरामची आई अजून जिवंत आहे, ती त्या दगडापुढे कोणत्या पोराच्या नावानं डोकं टेकवेल, जित्या पोराच्या? तुम्हाला लाज कशी वाटली नाही? मी तुम्हाला हे तीन मेळाव्यांत सांगितलं होतं, तुम्ही हो हो म्हटलं होतं, आता ते हो कुठं गेलं?

सुभेदारांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, नावं पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसातून आलेली आहेत. रेकॉर्डला जे आहे तेच दगडावर येणार. तोंडी सांगण्यावर नावं बदलायला लागलो तर उद्या अजून वीस जण उभे राहतील.

शेषरावच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"छप्पन साली आपण नागपूरले गेलो," तो म्हणाला. "बापजाद्यायपासूनचे देव आपण एका दिवसात सोडले. घरातले टाक इहिरीत टाकले. तुमी टाकले, मी टाकले. तवा कोणतं रेकॉर्ड पाह्यलं होतं, सुभेदार साहेब? एवढं सगळं बदलता आलं, आन एका मेल्या पोट्ट्याचं नाव तुमच्यानं बदलत नाई?"

बोलणं सुभेदारांना लागलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि आवाज न चढवता सांगितलं, "एक रस्ता हाय. भरतीच्या कागदावर ओळख देणाराची सही राह्यते. हा अमुक गावचा अमुक, याले मी ओळखतो, अशी. त्या सहीवाल्यानं लिहून द्यावं का मी खोटी ओळख देल्ती, तो देवीदास नव्हता, मोतीराम होता. तेवढा कागद मले दे. मी सोता रेकॉर्ड ऑफिसले जातो आन नाव बदलून आणतो. माहा शब्द हाय." मग चष्मा डोळ्यांवर चढवत विचारलं, "कोणाची सही हाय ती? कागद मागवू का?"

मागवायची गरज नाही, मी शोधतो त्या माणसाला, असं काहीतरी पुटपुटून शेषराव बाहेर आला. बाहेर आल्यावर त्यानं सुभेदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण मनातल्या मनात.

कारण सही शेषरावचीच होती. दाखला मोत्यानं आपल्या मनानं काढला ही गोष्ट शेषरावनं इतक्यांदा सांगितली होती, की ती त्याची त्यालाच खरी वाटायला लागली होती. मोत्या तर घाबरत होता. वय पुरं होऊ दे, दोन वर्षांनी येईन, म्हणत होता. शेषरावला एकट्यानं जायचं नव्हतं, बस्स. त्यानंच सांगितलं होतं, भावाचा दाखला आण, त्याला तो कशाला लागतो, तो तर वावर सोडत नाही. अकोल्याला टेबलामागच्या हवालदारानं विचारलं, या पोराला कोण ओळखतं, तेव्हा शेषराव छाती काढून पुढे झाला होता. मी ओळखतो, आमच्याच गावचा देवीदास आहे, वीस वर्षांचा. आणि झोकात सही ठोकली होती. चौथी पास माणसाची सही, तिचा त्या दिवशी त्याला केवढा तोरा.

आता तेच कागदावर लिहून द्यायचं म्हणजे सरकारला खोटं सांगितल्याची कबुली. कचेरीतली नोकरी त्याला पलटणीच्या सर्टिफिकेटवर मिळाली होती, त्यावर चालचलन उत्तम असा शेरा होता. पुढच्या महिन्यात त्याला शिपायांवरच्या जमादाराचा लाल पट्टा मिळणार होता. साहेब तसं बोलले होते. असा कागद साहेबांच्या टेबलावर गेला तर पट्टा राहिला बाजूलाच, होती ती खाकीसुद्धा अंगावरून उतरायची.

मग शेषरावनं काय केलं? जे त्याला येत होतं ते केलं. चिडला. रविवारी गाडी पकडून अकोल्याला गेला. दगड तिथं इनायतुल्ला पाथरवटाकडे होता. काळा, पुरुषभर उंचीचा, चांगला घोटलेला. सहा नावं कोरून झाली होती आणि सातव्या नावाची खडूनं आखणी केलेली होती. ते पांढरं देवीदास पाहून शेषरावनं हातानंच पुसायला घेतलं. इनायतुल्लानं त्याचा हात धरला. सत्तरीचा म्हातारा, पण छिन्नी धरणारा हात तो, हलेना.

इनायतुल्लानं त्याला बसवलं, चहा पाजला, सगळी हकिकत ऐकली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण त्याचाही एक मुलगा लहान वयात गेला होता. मग म्हणाला, "भाऊ, मोतीराम लिखूं या देवीदास, मेरे हाथ को दोनो बराबर. पण मले मंडळाची चिठ्ठी पाह्यजे. दगडावरचं पुसता येत नाई." सातवं नाव मागे ठेवतो, आधी बाकीची चार कोरतो, पंधरा दिवस थांबतो, एवढं त्यानं कबूल केलं. शेषरावनं त्याचे आभार मानायचे सोडून, तुम्ही सगळे कागदाचे गुलाम, असं त्याला सुनावलं आणि निघून आला.

त्या पंधरा दिवसांत शेषरावनं अमरावती डोक्यावर घेतली. मंडळाच्या एकेका माणसाला गाठून तो सुभेदाराची निंदा करायचा. सुभेदाराला कर्नलापुढे मिरवायचं आहे, सुभेदाराला गरिबाच्या पोराची किंमत नाही, सुभेदाराचं काळीज रेकॉर्ड ऑफिसात गहाण पडलेलं आहे. लोक माना डोलवायचे आणि विषय बदलायचे. त्यांतल्या निम्म्यांचे स्वतःचे दाखले तपासण्यासारखे नव्हते. ज्याच्या त्याच्या पोटात भीती. शेषरावला ती दिसायची आणि तो त्यांना भेकड म्हणायचा. तोंडावर म्हणायचा. त्या वेळी त्याला स्वतःची जीभ चावावीशी वाटली नाही, ही कमाल आहे.

मैनाबाई हे सगळं बघत होती. तिला सहीचं ठाऊक नव्हतं, पण सोळा वर्षांच्या संसारात नवऱ्याचा कोणता राग कशाचा, हे तिला कळत होतं. भाजीत मीठ कमी म्हणून त्यानं ताट सरकवलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तुमी कोणावर चिडून राह्यले ते एकदाचं ठरवा. भाजीनं काई केलं नाई." यावर शेषराव उपाशीच कचेरीत गेला.

पंधरावा दिवस रविवारचा. मंडळाची सभा होती, नावांची यादी शेवटची कायम करायला. आदल्या दिवशी दुपारी नांदगावहून एसटीनं सुंदराबाई आली, देवीदासला घेऊन. सुंदराबाई म्हणजे या दोघा भावांची आई. सत्तरीची बाई, पाठ वाकलेली, पण नजर अशी की समोरच्यानं खोटं बोलताना दोनदा विचार करावा. पत्रक देवीदासनं तिला वाचून दाखवलं होतं. गावातली टवाळ पोरं देवीदासला दोन आठवडे विचारत होती, काय दादा, कर्नल साहेब तुला हार घालणार म्हणे. देवीदास हसून सोडून द्यायचा. सुंदराबाई हसली नव्हती. शेषराव असला म्हणजे काही होईल, या भरवशावर ती आली होती. उतरली ती शेषरावच्याच घरी. सेहेचाळीस साली पलटण सुटून त्यानं मोत्या गेल्याचं तिला सांगितलं, तेव्हापासून ती त्याला पोटच्या पोरासारखं मानत होती. येताना तिनं त्याच्यासाठी ज्वारीच्या पापड्या आणल्या होत्या. शेषरावच्या घशाखाली एकही उतरली नाही.

सभा एका शाळेच्या वर्गात होती. पंचवीस-तीस माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसली होती. सुभेदार मास्तरांच्या खुर्चीत. सुंदराबाईला त्यांनी उठून जय भीम घातला आणि पुढच्या बाकावर बसवलं. मग शेषराव उठला, आणि असा बोलला की बाहेर रस्त्यावरची माणसं खिडकीशी थांबली. मोतीरामला लागलं ती दुपार, तो पाणी मागत होता ते, सगळं बोलला. आणि या माणसाला कागद पाहिजे, असं म्हणून त्यानं सुभेदारांकडे बोट केलं. सभा खवळली. दोघे-तिघे शरम शरम म्हणाले. शेषरावला वाटलं, झालं काम, कागदावाचूनच झालं.

सुभेदारांनी सुंदराबाईला विचारलं, माय, तुम्हाला काही बोलायचं आहे का?

सुंदराबाई उभी राहिली. पदर सावरला. सभेत ती जन्मात बोललेली नव्हती, पण आवाज कापला नाही.

"मले तुमच्या दगडाचं काई समजत नाई," ती म्हणाली. "चव्वेचाळीस साली माह्या घरी तार आली. मास्तरनं वाचली. देवीदास मेला म्हणे. आन देवीदास तं माह्यापुढं ओट्यावर बसून न्याहारी करून राह्यला होता. आमी हासलो. मास्तर म्हणे, सरकारची चूक झाली, दुसऱ्या कोण्या देवीदासचं मयत तुमच्या दारी आलं. मास्तरनं तसं उलट पत्रई लिवलं. मले इतका आनंद झाला का माहा देवीदास वाचला. मी ढेपभर गूळ आणला. गावात घरोघर वाटला. सोताच्या हातानं वाटला."

ती थांबली. देवीदासकडे एकदा पाहिलं आणि पुढे बोलली.

"दोन वर्सं मी मोत्याची वाट पाह्यली. मंग हा शेषराव आला आन त्यानं सांगतलं, तवा समजलं का म्या कायचा गूळ वाटला. गावाले मी शपथ घातली का यापुढं कोणी गुळाचं नाव काढू नका. शेषरावलेई सांगू नका, त्याले वाईट वाटन. आज तुमच्यापुढं सांगतलं, काहून का पुना त्या नावानं माहं पोरगं गेलं असं मले आयकवत नाई. माह्या मोत्याले मेल्यावर तरी त्याच्या नावानं हाका मारा."

शेषराव उभाच होता. त्याला बसायचं सुचलं नाही. सेहेचाळीस साली तो त्या घरी गेला, तेव्हा म्हातारी रडली नव्हती, भिंतीकडे बघत बसली होती. त्याला वाटलं होतं, बाई खंबीर आहे. तार गेली हे त्याला ठाऊक होतं, पण तारेवर कोणाचं नाव असेल आणि ते त्या घरात कोण कसं वाचेल, हा विचार त्यानं केलाच नव्हता. पत्रात लिहून कळवता आलं असतं. पण पत्रं साहेब लोक फोडून वाचायचे, आणि वाचलं असतं तर सहीवाला सापडला असता. म्हणून दोन वर्षं एक ओळ लिहिली नाही. गूळ त्या बाईनं वाटला होता, पण वाटायला लावला कोणी, हे त्या वर्गात एकट्या शेषरावला ठाऊक होतं. त्याला आपलीच चीड आली, आणि ती अशी चीड होती की तिला कोणावर टाकायची सोयच नव्हती.

तरी सुभेदारांनी आपला हेका सोडला नाही. त्यांनी म्हातारीला समजावलं, की भरतीच्या वेळी एका माणसानं ओळख दिलेली असते, त्याचा कागद मिळाला की मी नाव बदलून आणतो, एका दिवसात आणतो, पण त्याच्याशिवाय माझे हात बांधलेले आहेत.

"तो माणूस जित्ता हाय का?" सुंदराबाईनं विचारलं.

सुभेदार म्हणाले, ठाऊक नाही, शेषराव त्याला शोधणार होता.

ती शेषरावकडे वळली. "सापडला का रे तो? कुठीसा राह्यते? मले घेऊन चाल त्याच्या घरी. मी त्याचे पाय धरीन. माह्यासारख्या म्हातारीले तो नाई म्हणणार नाई."

शेषरावनं देवीदासकडे पाहिलं, सुभेदारांकडे पाहिलं. सगळी सभा त्याच्याकडे बघत होती. नोकरी, पट्टा, चालचलन उत्तम, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं, नाही असं नाही.

"मी हाओ तो, मावशी," तो म्हणाला. "सही माही हाय. मोत्या येत नव्हता. दाखला घे म्हून मीच त्याले सांगतलं. तो देवीदास हाय असं मीच सांगतलं तिथं."

देवीदास बाकावरून उठला. त्याच्या मुठी आवळलेल्या होत्या. सुंदराबाईनं मागे न बघताच हात आडवा केला आणि त्याला बसवलं. ती शेषरावच्या अगदी जवळ गेली. तिची उंची त्याच्या छातीला लागत होती, तरी तोच लहान दिसत होता.

"सतरा वर्सं तू माह्या घरी येऊन राह्यला," ती म्हणाली. "माह्या हातची भाकर खाल्ली. मोत्यानं आपल्या मनानं केलं म्हणे. मी रोज त्या मेल्या पोराले बोल लावला का माह्या पेटीत हात घातला, माह्यापासून चोरून गेला. सतरा वर्सं मी माह्या मोत्याले चोर म्हणत आली. आन तू आयकत बसला."

शेषराव तिच्या पायांवर वाकला. ती दोन पावलं मागे सरली.

"पायाले हात लावू नको. इतके दिस या सुभेदारावर काहून भुकून राह्यला होता मंग? तुह्यापाशीच होतं ना समदं? लिव."

सुभेदारांनी कागद पुढे केला, टाक दिला. शेषराव पहिलीतल्या पोराच्या बाकावर बसला, गुडघे पोटाशी घेऊन, आणि लिहू लागला. शाईचे दोन ठिपके पडले. सुभेदारांनी हळू आवाजात सांगितलं, की हा कागद वरती गेल्यावर तुझ्या नोकरीचं काय होईल ते माझ्या हातात नाही, विचार कर. शेषरावनं मान हलवली आणि लिहीत राहिला. शेवटी सही केली. अकोल्याला केली होती तशीच, तेच वळण, फक्त तोरा नव्हता.

"वाच," सुंदराबाई म्हणाली.

त्यानं वाचलं. मी शेषराव, राहणार नांदगाव खंडेश्वर, हल्ली अमरावती. सन बेचाळीसमध्ये अकोला येथे मी खोटी ओळख दिली. जो देवीदास म्हणून भरती झाला तो देवीदास नव्हता. तो मोतीराम किसन, वय वर्षे सोळा. तो स्वतः आला नाही, त्याला मी आणला.

"पुना वाच."

त्यानं पुन्हा वाचलं. खिडकीशी आता गर्दी झाली होती, त्यात वाहेदही होता. सुभेदार उठले आणि म्हणाले, माय, पुरे, लिहून झालं, आम्हाला मिळालं सगळं.

"तुमी बसा," सुंदराबाई त्यांना म्हणाली. "मले आजून आयकाचं हाय."

आणि ती शेषरावसमोरच्या बाकावर बसली, हात मांडीवर ठेवून, नजर त्याच्या तोंडावर रोखून. "सोळा वर्साचा होता, तिथून वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं."